ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे!

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातला सूर जमेल तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग सेवाग्रामहून. मागे पाखरांचा आवाज येईल, मधूनच एखादी एसटी जाईल. ते मी कापलेलं नाही. राहू दे.

मी नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी शिकते, तिसरं वर्ष. माझं गाव इथूनच जवळ, वर्धा जिल्ह्यातलं. दोन दिवस सुट्टी होती म्हणून सेवाग्रामला आले. डोक्यात एक प्रश्न होता, आणि तो इथे बसून तुमच्याशी बोलावा असं वाटलं. प्रश्न असा, की मी जे शिकते ते नेमकं आहे काय? हसू नका. तिसऱ्या वर्षालाही हा प्रश्न पडतो, कारण दर आठवड्याला कुणी ना कुणी तो विचारतंच.

आमच्या कोर्सला सगळे 'ओटी' म्हणतात. दवाखान्यात ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर वाटतं. माझ्या मामाने अख्ख्या गावात सांगून ठेवलंय की भाची ऑपरेशनला उभी राहते. दुसरे विचारतात, "म्हणजे फिजिओच ना?" आणि मराठीत सांगावं तर अधिकृत शब्द आहे 'व्यवसायोपचार'. हा ऐकून एका काकूंनी मला विचारलं होतं, "म्हणजे धंद्यासाठी लोन वगैरे देता का?"

तर आधी हा घोळ मिटवू. यातला 'व्यवसाय' म्हणजे धंदा नाही, नोकरीही नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत माणूस जे जे करतो ते सगळं त्यात येतं. दात घासणं, साडी नेसणं, भाकरी थापणं, शाळेचं दप्तर भरणं, डवरणी, पत्ते खेळणं, देवाला फूल वाहणं, मोबाइलवर मेसेज टाइप करणं. आजारपणाने, अपघाताने, जन्मापासूनच्या एखाद्या अडचणीने किंवा मनाच्या दुखण्याने यातलं काही हातातून सुटलं, तर ते पुन्हा करता यावं यासाठी धडपडणारा माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपिस्ट आणि आम्ही बऱ्याचदा एकाच पेशंटवर काम करतो. ढोबळ मानाने सांगायचं तर हालचाल, ताकद, वेदना यांवर त्यांचा भर जास्त. त्या हालचालीतून माणसाचा दिवस पुन्हा कसा उभा राहील, हे आमचं काम.

आम्हाला एक गोष्ट घोटून घेतात, कामाचं विश्लेषण. सोपं वाटतं, पण करून बघा. भाकरी घ्या. परातीत पीठ घेणं, पाण्याचा अंदाज, एका हाताने परात धरून दुसऱ्याने मळणं, गोळा दोन्ही तळहातांत फिरवणं, थापताना परात किंचित फिरवत राहणं, अलगद उचलून तव्यावर टाकणं, पाणी लावणं, चटका न बसता उलटणं. यात दोन हातांचा मेळ आहे, मनगटाची चाल आहे, बोटांना लागणारी उष्णता आहे, बसण्याचा तोल आहे, पुढची पायरी आठवणंही आहे. यातली एक कडी तुटली तरी भाकरी होत नाही. कोणती कडी तुटली ते आम्ही शोधतो. मग ती कडी सुधारायची, काम वेगळ्या पद्धतीने करायचं, किंवा परातीखाली ओलं फडकं ठेवण्यासारखी युक्ती करायची, म्हणजे एका हाताने मळताना ती सरकत नाही. हे तीनच रस्ते. बाकी साडेचार वर्षं आम्ही शरीररचना, मेंदू, मानसशास्त्र, मुलांची वाढ हे शिकतो ते या तीन रस्त्यांसाठीच. त्यातले सहा महिने इंटर्नशिपचे.

आता तुम्ही म्हणाल, यात सेवाग्रामचा काय संबंध? सांगते.

गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मधलं. आश्रमात तुम्ही आलात तर दिसतील त्या कुडाच्या भिंतींच्या, कौलारू कुट्या. इथला दिवस घड्याळाला बांधलेला असायचा. प्रार्थना, सफाई, स्वयंपाक, सूतकताई, पुन्हा प्रार्थना. हाताने काम करणं हा शिक्षणाचाच भाग, हा विचार इथला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'नई तालीम' पुढे आली. मुलाने एखादा हस्तोद्योग शिकावा आणि त्याच कामातून गणित, भाषा, विज्ञान शिकावं, असा तिचा गाभा. आजही इथल्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेतात, स्वयंपाकघरात, टकळीवर काम करत शिकतात. आणि इथलं मेडिकल कॉलेज, जे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं, तिथे नवीन आलेले विद्यार्थी सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात राहतात. श्रमदान करतात, सूत कातायला शिकतात.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं. पण माझ्या कोर्सच्या इतिहासाचा धडा वाचताना एक नाव आलं आणि मी थबकले. जॉन रस्किन. इंग्लंडमधला एकोणिसाव्या शतकातला लेखक. यंत्रांच्या त्या काळात तो लिहीत होता, की माणसाच्या हातचं काम काढून घेतलं तर माणूसच तुटतो. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी आगगाडीत त्याचं 'अन्टू धिस लास्ट' वाचलं आणि त्यांचं जगणं बदललं. पुढे १९०८ मध्ये त्यांनी ते गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने आणलं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारातून हस्तकलेची जी चळवळ उभी राहिली, ती अमेरिकेत पोचली, आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या मुळांपैकी ते एक मोठं मूळ आहे. म्हणजे झाड एकच. एक फांदी आली सेवाग्रामला, दुसरी गेली दवाखान्यात!

तिकडची गोष्ट थोडक्यात. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मोजकी मंडळी जमली आणि या व्यवसायाची पहिली संघटना स्थापन झाली. बोलावणाऱ्यांत जॉर्ज बार्टन होता. तो वास्तुविशारद. क्षयाने बेजार झालेला, डाव्या अंगाला लुळेपणा आलेला. स्वतः हातांनी काम करत तो सावरला होता. त्याच बैठकीत एलेनॉर क्लार्क स्लॅगल होत्या. मानसिक आजाराच्या रुग्णांसोबत त्यांनी काम केलं. त्यांची पद्धत काय होती माहितीये? रुग्णाचा दिवस पुन्हा बांधायचा. उठणं, आवरणं, काम, खेळ, विश्रांती, ठरल्या वेळी. मी आश्रमाचं जुनं वेळापत्रक वाचत होते आणि मला स्लॅगलबाई आठवत होत्या. पुढे पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक आले, आणि विणकाम, सुतारकाम हे उपचार म्हणून दवाखान्यांत शिरलं.

भारतात हे आणलं कमलाबाई निंबकर यांनी. मूळ अमेरिकन, लग्नाआधीचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं. दोन वर्षांत, १९५२ मध्ये, अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक देशांमध्ये होता. फलटणला 'कमला निंबकर बालभवन' नावाची शाळा आहे, ती यांच्याच नावाची.

आता आश्रमातल्या एका कुटीबद्दल. परचुरे कुटी. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगातली गांधीजींशी ओळख. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं आणि लोक जवळही उभं करत नसत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांचं अंग चोळून देत. याच वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. तिथे रुग्ण शेती करत, सूत कातत. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांचं आनंदवन त्यानंतरचं. आमच्या या भागात 'काम हेच औषध' हे असं आधीपासून चालत आलंय.

पण मी विद्यार्थिनी म्हणून कुष्ठरोगाच्या हाताकडे पाहते तेव्हा मला आणखी काही दिसतं. कोपराजवळून जाणारी अल्नर नस खराब झाली की करंगळी आणि शेजारचं बोट आकड्यासारखं वळतं. संवेदना जाते. चहाचा गरम ग्लास हातात धरला तरी कळत नाही, फोड आल्यावर कळतं. कुदळ कितपत घट्ट धरायची हेही कळत नाही, म्हणून गरजेपेक्षा जास्त जोर लागतो आणि जखम होते. म्हणजे काम हे औषध खरं, पण त्याच कामाने हात फुटू शकतो. मग मुठीवर जाड, गुळगुळीत आवरण चढवायचं, ग्लास फडक्याने धरायचा, रोज संध्याकाळी हात डोळ्यांनी तपासायचे, पाण्यात भिजवून तेल लावायचं, बोटांसाठी स्प्लिंट करायचं. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. पण आधीच बधिर झालेला हात बऱ्याचदा तसाच राहतो, आणि त्याची काळजी आयुष्यभराची असते. कामात रमणं वेगळं आणि काम नीट बसवून देणं वेगळं. हे दुसरं शिकायला कॉलेज लागतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. हे पोस्टिंगमधलं आहे. त्या काकांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असं काही बोलणार नाही.

काका शेतकरी. साठीच्या आसपासचे. लकवा झाला, म्हणजे स्ट्रोक, डावी बाजू गेली. चालायला लागले होते, पण डावा हात जेमतेम उघडायचा आणि मिटायचा. आम्ही नेहमीप्रमाणे टेबलावर रंगीत खुंट्या मांडल्या. एका भोकातून काढायची, दुसऱ्यात घालायची. दोन दिवस केलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे पोट्ट्याईचे खेळ मले कायले देता व?" आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

घरचे जीव लावणारे होते. मुलगा घास भरवायचा, सून अंगात सदरा घालून द्यायची. शेजारचे यायचे आणि म्हणायचे, आता तुम्ही काही करू नका, आराम करा. काका मला एकदा हळूच म्हणाले, "मी आता बिनकामाचा झालो पोरी." मराठीत हा शब्द किती सहज वापरतो ना आपण? कामाचा माणूस, बिनकामाचा माणूस. जणू माणसाची किंमत कामावर ठरते.

आमच्या मॅडम आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "काका, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" आमच्याकडे यासाठी रीतसर पद्धत आहे. माणसाला स्वतःच्या अडचणी सांगायला लावायच्या, त्यातली कुठली त्याला किती महत्त्वाची, ती तो आज किती जमवतो, त्यावर किती समाधानी आहे, याला त्याने स्वतः एक ते दहा गुण द्यायचे. आम्ही नाही, त्याने. मला वाटलं ते शेतीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "वावर पोरगा पाह्यते. मले खंजिरी वाजवाची हाय."

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आमच्याकडे गावोगावी चालतात. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मग भजन. महाराज स्वतः १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून इथे सेवाग्रामला महिनाभर राहून गेले होते. काका गावच्या भजनी मंडळात तीसेक वर्षं खंजिरी वाजवत होते. लकव्यानंतर ते मंदिराकडे फिरकलेच नव्हते.

मग काय! दुसऱ्या दिवशी मुलाने घरून खंजिरी आणली. आता विश्लेषण करा. डाव्या हाताने कडं धरायचं, अंगठा आतून, बोटं बाहेरून, आणि ती पकड पाच-सात मिनिटं टिकवायची. मनगट उभं ठेवायचं. उजव्या हाताने थाप मारताना डावा खाली पडू द्यायचा नाही. मांडी घालून जमिनीवर तोल सांभाळायचा. ताल पुढे जातो, थांबत नाही, म्हणजे वेळेचं भान. खुंट्यांतून आम्ही जे करू पाहत होतो ते सगळं यात होतं, आणि शिवाय काकांचा जीव त्यात होता. आम्ही कड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून पकड जाड केली. सुरुवातीला कोपराखाली उशी. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात खंजिरी मांडीवर आली. पण त्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, "पुन्हा एकबार."

चमत्कार वगैरे झाला नाही. हात पहिल्यासारखा झाला नाही, नांगर काही धरता येणार नाही. दीड महिन्याने त्यांच्या मुलाने व्हिडिओ पाठवला. मंदिरात बसलेत, एक भजन पूर्ण वाजवलं, दुसऱ्याला खंजिरी शेजारच्याकडे दिली आणि टाळ्या वाजवत राहिले. टाळ्यांत डावा हात थोडा मागे राहतो. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, विचारू नका.

आश्रमात बसून मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. इथे चरखा सगळ्यांना एकच होता, कारण लोक एक व्रत घेऊन आले होते. त्यांनी ते निवडलं होतं. आमच्या व्यवसायातही सुरुवातीच्या काळात सरसकट टोपल्या विणायला दिल्या जायच्या, आणि त्यावर पुढे टीका झाली. दवाखान्यातला माणूस व्रत घेऊन येत नाही, तो अडून पडलेला असतो. त्याच्या हातात कुठलं काम द्यायचं हे आम्ही ठरवलं, तर हात हलेल, माणूस हलेलच असं नाही. आणि त्याने म्हटलं की मला काहीच करायचं नाही, नुसतं अंगणात बसून नातवाशी बोलायचंय, तर तेही व्यवसायातच बसतं. त्या बसण्याची नीट सोय करून देणं, खुर्चीची उंची, हाताला आधार, ही आमची जबाबदारी. बिनकामाचा हा शब्द मला माझ्या डोक्यातून काढायचाय. माणूस कामाने सावरतो हे खरं, पण काम नसलं तरी तो माणूस पूर्णच असतो.

जाता जाता थोडं उपयोगाचं. तुमच्या घरी कुणाला लकवा झाला असेल तर, त्यांच्या थेरपिस्टला विचारून, हे करून बघा. सदरा घालताना आधी कमजोर हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला हात बाहेर. एवढ्यावर अनेक जण स्वतःचा सदरा स्वतः घालू लागतात. त्यांना उठवताना कमजोर हात धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो. घास भरवण्याआधी चमच्याची मूठ कापड गुंडाळून जाड करून द्या आणि दहा मिनिटं जास्त थांबा. सांडेल. सांडू द्या. आणि विचारा, तुम्हाला काय करावंसं वाटतं? उत्तर लगेच येणार नाही. दोन-तीनदा विचारावं लागतं.

बारावीला असाल आणि आरोग्याच्या क्षेत्रात यायचं असेल, तर नीटनंतरच्या यादीत 'बीओटीएच' असं काहीतरी दिसेल. बरेच जण ते न बघताच पुढे जातात. एकदा थांबून बघा. लहान मुलांसोबत काम आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी. हाताच्या दुखापती आहेत, आमच्याकडे कडबा कुट्टीत आणि थ्रेशरमध्ये बोटं गेलेले कितीतरी. मानसिक आरोग्य आहे, म्हातारपण आहे. पण घरच्यांना समजावून सांगायची तयारी ठेवा, "डॉक्टर नाही तर मग काय?" हा प्रश्न जन्मभर पुरतो.

माझं पुढे काय, असं माझी मैत्रीण काल विचारत होती. वर्गातल्या निम्म्या जणी परदेशाच्या परीक्षांची तयारी करतायत. काही पुण्या-मुंबईच्या मुलांच्या क्लिनिकमध्ये जातील. त्यांचं चुकतंय असं अजिबात नाही, पगाराचं गणित मलाही कळतं. घरी शेतीचं कर्ज आहे, धाकटा भाऊ शिकतोय. पण काकांच्या गावापासून सगळ्यात जवळचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठायला त्यांना दोन एसट्या बदलाव्या लागल्या, मुलाची दर वेळची मजुरी बुडाली. माझ्या गावातून तर कुणी या वाटेला कधी गेलेलंच नाही. तालुक्याच्या ठिकाणी छोटी खोली घेऊन बसलं तर चालेल का, की आठवड्यातले दोन दिवस गावांत फिरावं आणि बाकी दिवस नोकरी करावी? इंटर्नशिप संपेपर्यंत वहीत हिशोब मांडणं चालू राहील. तुमच्यात कुणी लहान गावात असं काही सुरू केलं असेल, ओटी म्हणा, फिजिओ म्हणा, मला आवाजी मेसेज पाठवा. भाडं किती, पेशंट कसे येतात, पहिलं वर्ष कसं काढलं, सगळं विचारायचंय.

२७ ऑक्टोबरला जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिन असतो. त्या आठवड्यात आमच्या मॅडमना या पॉडकास्टवर आणायचा प्रयत्न करतेय. तोवर प्रश्न पाठवत राहा.

चला, संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ होत आलीय. मोबाइल बंद करते. भेटू पुढच्या भागात.